बिलात वायब्रेटर, कॉलममध्ये पोकळ्या

घर बांधायला काढलेल्यांसाठी हे लिहितेय. आमच्या ठेकेदाराने प्रत्येक बिलात 'वायब्रेटर भाडे व पेट्रोल' लावलं, आम्ही ते भरलं, आणि तळमजल्याचे बरेचसे कॉलम मात्र वायब्रेटर न फिरवताच भरले गेले. वायब्रेटर म्हणजे ओतलेलं काँक्रीट थरथरवून त्यातली हवा बाहेर काढणारं मशीन.

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, घरची सगळी माणसं हजर असतात. त्या दिवशी वायब्रेटर दिवसभर चालू होता. कॉलम मात्र संध्याकाळी, उजेड जाता जाता, आम्हाला न कळवता भरले. मशीन साइटवर दिसायचं. पण निडल, म्हणजे त्याची थरथरणारी नळी, आत सोडायची तर एक माणूस तिथेच अडकतो, वेळ वाढतो, आणि साच्याच्या प्लेटा नीट आवळलेल्या नसतील तर फटींतून सिमेंटची स्लरी गळते. त्यापेक्षा मालात पाणी वाढवायचं, वरून घमेली ओतायची, सळईने थोडं ढोसायचं, प्लेटांवर हातोडी मारायची की झालं. बाबांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, माल पातळ ठेवलाय, आपोआप बसतो. वायब्रेटरने उलट खडी खाली जाते."

पातळ मालात निडल गरजेपेक्षा जास्त वेळ धरली तर खडी खाली बसते, हे खरं आहे. पण त्यावर उपाय माल घट्ट ठेवण्याचा आहे, वायब्रेटर बंद ठेवण्याचा नव्हे. ओतलेल्या काँक्रीटमध्ये हवा अडकलेली असतेच. काँक्रीटच्या आकारमानाच्या ५ टक्के हवा जरी आत राहिली तरी ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. वाढवलेलं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं, म्हणजे दुहेरी नुकसान. कॉलमच्या पायथ्याशी तर सळ्यांचे जोड येतात, तिथे दाटी असते. माल उंचावरून पडतो, खडी अडकते, मसाला खाली पोहोचतच नाही.

प्लेटा खोलल्या त्या सकाळी आम्ही पोहोचण्याआधीच त्याच्या माणसांनी पायथ्याच्या पोकळ्यांत सिमेंटचा मसाला भरून थापी फिरवली होती आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. "ताई, क्युरिंग चालू आहे, काढू नका." पाणी मारणं गरजेचंच असतं, त्यामुळे संशय येण्याचं कारणच नव्हतं. क्यूबचे, म्हणजे त्याच मालाचे नमुन्याचे ठोकळे दाबून तपासल्याचे, रिपोर्टही उत्तम आले. ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते, कारण क्यूब वेगळ्या साच्यात, नीट ठोकून भरतात. त्यावरून मालाची ताकद कळते, तो कॉलममध्ये कसा बसला हे कळत नाही.

पुढे इलेक्ट्रिशियनने क्लॅम्पसाठी ड्रिल लावलं आणि बिट सरळ आत गेलं. बाहेरच्या इंजिनिअरने हातोडीने टोकून पाहिलं. कित्येक ठिकाणी आवाज पोकळ आला. मसाल्याचा थर छिन्नीने काढल्यावर आत मोकळी खडी आणि उघड्या सळ्या होत्या. अल्ट्रासॉनिक चाचणीत, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून पाहिल्यावर, त्या जागी लहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्याही खाली आला, म्हणजे काँक्रीट भरवशाचं नाही. ठेकेदाराचं म्हणणं, प्लास्टरमध्ये झाकून जाईल. प्लास्टर वजन उचलत नाही, आणि उघड्या सळीला गंज चढला की ती फुगून उरलेलं काँक्रीटही फोडते. शेवटी स्लॅबला टेकू देऊन सैल भाग काढले, मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीचं बारीक खडीचं काँक्रीट) भरलं, दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती सळ्या बांधून काँक्रीटचा जादा थर, करावं लागलं. खर्च त्याच्या अडवलेल्या रकमेतून वळता केला, तरी तो पुरला नाही.

वरच्या मजल्याला दुसरी टीम घेतली तेव्हा करारात लिहून घेतलं: आमचा इंजिनिअर हजर नसताना कॉलम भरायचा नाही. माल एका वेळी दीड फुटाहून जास्त ओतायचा नाही. ४० मिमीची निडल उभी, पटकन आत सोडायची, खालच्या थरात चारेक इंच घुसवायची, बुडबुडे थांबून वर चकाकी आली की सावकाश काढायची, आणि पुढची जागा वीतभर अंतरावर घ्यायची. निडलने माल ओढायचा नाही. एक मशीन बंद पडलं तर म्हणून दुसरं मशीन साइटवर चालू स्थितीत हवं. प्लेटा आमच्या समोर खोलायच्या, मसाला किंवा गोणपाट लागण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढायचे, आणि त्या कॉलमचे पैसे त्यानंतरच द्यायचे.