एका पलंगावर दोन गाद्या: आठ महिन्यांनंतर

गादी घेऊन आठ महिने झाले. खरं तर पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले होते, पण थांबले, आणि थांबले ते बरं झालं. नव्या गादीवर पहिले पंधरा दिवस काय वाटतं याला फारसा अर्थ नसतो. फोम अजून ताठ असतो, महिनाभरात तो जरा सैलावतो. आपलं अंगही जुन्या गादीला सरावलेलं असतं, नवी जागा त्याच्या पचनी पडायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत लिहिलेली मतं, कौतुकाची असोत की तक्रारीची, मी आता वाचतच नाही.

आमची जुनी गादी काथ्याची होती. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून, दाबून केलेला जाड थर असतो ना, ती. अकरा वर्षं वापरली. काथ्याच्या गादीतून हवा खेळते, ती तापत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती अंगाखाली फारशी दबत नाही, आणि जिथे रोज वजन पडतं तिथे एकदा बसली की पुन्हा वर येत नाही. ह्यांच्या कमरेखाली एवढा खळगा पडला होता की रात्री मी झोपेत त्या उताराला लागायची. मी कुशीवर झोपते. पहाटे साडेतीन-चारला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची, कूस बदलायची, आणि तासाभरात दुसऱ्या हाताची तीच गत. सकाळी कंबर अशी धरलेली असायची की बेसिनवर वाकून चूळ भरता येत नसे. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. त्यानंतरच गादीकडे वळले. हा क्रम कुणी उलटा करू नये, विशेषतः मुंग्या दिवसाही येत असतील तर.

तेव्हापासून एक वही ठेवली. उठल्यापासून बेसिनवर सहज वाकता येईपर्यंत किती मिनिटं गेली, एवढंच रोज लिहायचं. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्तच भरते आणि थोडा ताठरपणा प्रत्येकालाच असतो. तो किती लवकर जातो हे महत्त्वाचं. जुन्या गादीवरचा माझा आकडा 40 ते 45 मिनिटांचा होता.

पहिली खरेदी चुकली. पाठदुखीला कडक गादी चांगली, हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं की दुकानात मी दुसरा विचारच केला नाही. 'ऑर्थोपेडिक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली, वर मेमरी फोमचा पातळ थर आणि खाली दगडासारखा फोम असलेली गादी घेतली. या शब्दाला सगळीकडे लागू असं कुठलंही ठरलेलं माप नाही, हे नंतर कळलं. ज्याला वाटेल तो लिहू शकतो. ह्यांना ती गादी पहिल्या रात्रीपासून आवडली. माझा खांदा मात्र जुन्या गादीपेक्षाही जास्त दुखायला लागला. वहीतला आकडा 35 वर अडकला, त्याखाली जाईना.

एका रविवारी मी ह्यांना म्हटलं, "अहो, मी कुशीवर पडते, मागून माझ्या पाठीचा एक फोटो काढा." मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांवर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावले होते. फोटो पाहून सगळं उलगडलं. तुकड्यांची रांग सरळ असायला हवी होती. माझा खांदा आणि खुबा गादीच्या वरच राहिले होते आणि मधली कंबर खाली झुकली होती, दोन खांबांवर टाकलेली दोरी झुकावी तशी. रात्रभर कंबरेचे स्नायू ती झोळी सावरत बसणार, मग सकाळी ते दुखणार नाहीत तर काय? मग ह्यांचा फोटो काढला. रांग जवळपास सरळ. "अगं, मग गादी चांगलीच आहे की!" हे म्हणाले. चांगली होतीच, पण त्यांना.

इथे मला जे समजलं तेच या सगळ्या लिहिण्याचं कारण. माझं वजन 58 किलो, ह्यांचं 84. ह्यांच्या वजनाखाली जो फोम हवा तेवढा दबतो, तो माझ्या वजनाखाली दबतच नाही. म्हणजे गादी 'कडक' किंवा 'मऊ' असते ती कुणासाठी तरी असते. त्यात झोपण्याची पद्धत आणखी फरक करते. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा अशा दोन टोकांवर येतो, ती टोकं आत रुतायला हवीत. उताणं झोपणाऱ्याचा भार पसरलेला असतो, त्याला मध्यम कडक गादी पुरते. पालथं झोपणाऱ्याचं पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते, म्हणून त्याला त्याहून घट्ट लागते.

कडक गादीच्या समजुतीबद्दल एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला होता. स्पेनमधल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी देऊन 90 दिवस पाहिलं. मध्यम कडक गादीवाल्यांचं अंथरुणात पडल्यावरचं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण जास्त कमी झाली. म्हणजे लाकडासारख्या गादीवर सोसत पडण्यात काही औषध नव्हतं. पण मध्यम म्हणजे मऊ नव्हे, हेही तितकंच खरं. फार मऊ गादीत कंबरच आधी बुडते.

दुसरा घोळ घनतेचा. विक्रेत्याने मला '40 डेन्सिटी म्हणजे कडक' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. हे साफ चूक आहे. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. गादी किती वर्षं टिकेल, खळगा लवकर पडेल की उशिरा, याचा अंदाज त्यावरून येतो. कडकपणा वेगळा मोजतात. साधारण 8 इंच व्यासाची गोल तबकडी फोमवर दाबून, त्याच्या जाडीच्या पाव भाग आत जायला किती जोर लागतो ते पाहतात. एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. म्हणून दुकानात दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. सगळी गादी एकाच फोमची असेल तर घनता घरी तपासताही येते: 72 बाय 36 इंचाची, 6 इंच जाडीची गादी 40 घनतेची असेल तर आतल्या फोमचं वजन दहा किलोच्या आसपास भरायला हवं. सात भरलं तर काहीतरी गडबड आहे.

पहिली गादी परतीच्या मुदतीत परत केली. परत करताना बराच त्रास झाला, फोन करून करून कंटाळा आला, पण शेवटी नेली. अनुभवातून एक सांगते: मुदत किती रात्रींची आहे यापेक्षा परत न्यायला कोण येणार, ती पुन्हा बांधायची कुणी आणि खोळीला डाग असला तर चालतो का, हे आधी लेखी घ्या. पहिल्या दिवसापासून वर धुता येणारी जादा खोळ घालायचीच.

मग आम्ही ठरवलं की एका पलंगावर दोन गाद्या घ्यायच्या. दोन्ही 36 इंच रुंद, 8 इंच उंच. दोन्हींच्या तळाशी 6 इंच, 40 घनतेचा फोम, वर 2 इंच लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम. माझ्या बाजूचा लॅटेक्स मऊ, ह्यांचा घट्ट, आणि ह्यांच्या तळाचा फोमही एक पायरी कडक. मेमरी फोम मुद्दाम टाळला. 1966 मध्ये नासाच्या कामासाठी, विमानातल्या आसनांकरता तयार झालेला हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि हळूहळू आकार घेतो. दाब वाटून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, हे मी मान्य करते. पण कूस बदलली की जुन्या खोबणीतून निघायला वेळ लागतो, आणि तो अंगाला चहूबाजूंनी लपेटतो. झोप लागताना शरीराचं तापमान उतरायला हवं असतं, आणि मला तिथेच घाम फुटायचा. गार खोलीत तोच फोम आधी ताठ लागायचा, ते वेगळंच. लॅटेक्स दबतो आणि लगेच वर येतो, त्यातल्या उभ्या भोकांतून हवाही जाते. कूस बदलणं फार सोपं झालं.

सुरुवातीला रबराचा वास होता. खिडक्या उघड्या ठेवल्या, महिन्याभरात गेला.

वही सांगते ती गोष्ट अशी. पहिल्या आठवड्यात 30 मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात 25, पण आता मान दुखायला लागली होती! मी घाबरले, पुन्हा चुकलं की काय असं वाटलं. कारण साधं निघालं. कडक गादीवर माझा खांदा वर राहायचा, म्हणून जाड उशी लागायची. नव्या गादीत खांदा दीड इंच आत जायला लागला, उशी मात्र तीच, त्यामुळे मान रात्रभर वरच्या बाजूला मोडलेली. पाच इंची उशी काढून साडेतीन इंची घेतली. चार दिवसांत मान मोकळी झाली आणि त्यानंतरच आकडा खरा उतरायला लागला. दुसऱ्या महिन्याअखेर 15, आणि चौथ्या महिन्यापासून 8 ते 10. पहाटेच्या मुंग्या तिसऱ्या महिन्यात थांबल्या. गादी बदलली की उशी पुन्हा निवडावी लागते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या ओळखीत दोघांनी याच चुकीपायी चांगल्या गाद्या नावडत्या ठरवल्या आहेत.

आता तक्रारी. दोन गाद्यांमधली फट खरीच जाणवते. दोन्हींवर मिळून एकच जाड चादर घट्ट ताणून घातली तरी मध्ये पडलं की कळतं, आणि सहा-आठ दिवसांत गाद्या दोन बोटं लांब सरकतात. पलंगाच्या फळ्यांवर न घसरणारी जाळीची चटई टाकल्यावर सरकणं थांबलं, फट उरली. ज्यांच्याकडे लहान मूल मध्ये झोपतं त्यांना ही मांडणी मी सुचवणार नाही. गादीची कडाही कमकुवत आहे. काठावर बसून मोजे घालायला गेलं की खाली जाते. वय झालेल्या माणसाला काठाचा आधार घेऊन उठावं लागतं, त्याच्यासाठी घट्ट काठाची स्प्रिंगची गादी बरी. पण फायदा असा की हे रात्री कितीदा उठले तरी मला पत्ता लागत नाही. जुन्या गादीवर ते पाणी प्यायला उठले की माझी झोप मोडलीच.

पलंगाच्या फळ्यांकडेही बघा. आमच्या फळ्यांत चार-चार इंचांचं अंतर होतं. त्यात फोम खाली उतरायला लागतो आणि दोष गादीला जातो. मधे आणखी फळ्या ठोकून अंतर अडीच इंचांवर आणलं.

दर महिन्याच्या एक तारखेला चादर काढते, लाकडाची सरळ पट्टी गादीवर आडवी ठेवते आणि मधली पोकळी फूटपट्टीने मोजते. माझ्या बाजूला पहिल्या महिन्यात 4 मिलिमीटर, तिसऱ्यात 7, आता 8. ह्यांच्या बाजूला 11. हमीपत्रात वजन नसताना 25 मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा पडला तरच बदलून देऊ असं लिहिलं आहे. हे कलम सही करण्याआधी वाचावं, कारण 20 मिलिमीटरचा खळगाही कंबरेला चांगलाच कळतो आणि हमीत तो बसत नाही. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवते. उलटी मात्र करत नाही, लॅटेक्स वरच हवा.

दुकानात निवडताना आम्ही दोघंही प्रत्येक गादीवर वीस-वीस मिनिटं झोपलो, रोज झोपतो तसे, आपापली उशी घरून नेऊन. विक्रेत्याला अवघडल्यासारखं झालं, पण त्याने काही म्हटलं नाही. बसून हाताने दाबून पाहण्यात मी पहिल्या वेळी फसले होते. तळहाताला मऊ लागलेली गादी खुब्याला कशी लागेल ते तळहाताला कळत नाही.

गेल्या आठवड्यात चिकटपट्टीचे तुकडे लावून पुन्हा फोटो काढला. रांग सरळ आहे, फक्त मानेशी किंचित वर झुकते. उशी अजून अर्धा इंच कमी करून पाहणार आहे.