युनिव्हर्सल की ल्यूटन? जुन्या हॉलिवूड भयपटांची सुरुवात कुठून करावी

जुने कृष्णधवल भयपट बघायचे मनावर घेतलेला माणूस बहुतेक वेळा १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’पासून सुरुवात करतो. अर्ध्या तासात तो कंटाळतो आणि त्या अख्ख्या काळालाच संथ ठरवून मोकळा होतो. मला याची फार हळहळ वाटते, कारण पुढची पंधरा वर्षं हॉलिवूडच्या भयपटांची सर्वांत समृद्ध वर्षं आहेत. या काळात दोन घराणी उभी राहिली: एक युनिव्हर्सल स्टुडिओचं, दुसरं आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटनने उभं केलेलं. दोघांची गायकी इतकी वेगळी आहे की कुणाकडे आधी जायचं, हे आपल्या स्वभावावरून ठरवलेलं बरं.

युनिव्हर्सलचा राक्षस तुम्हाला दिसतो. ल्यूटनचा बहुतेक वेळा दिसत नाही. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

युनिव्हर्सलकडे भव्य सेट होते, जर्मन मूकपटांत तयार झालेली नजर होती (‘ड्रॅक्युला’चा छायालेखक कार्ल फ्रॉइंड त्याआधी ‘मेट्रोपोलिस’वर काम करून आला होता) आणि जॅक पिअर्ससारखा रंगभूषाकार होता. ‘फ्रँकेनस्टाईन’मधला सपाट माथ्याचा, मानेत खुंट्या असलेला चेहरा पिअर्सचा, पण त्यात जीव ओतला तो बोरिस कार्लोफने. छताची झडप उघडते आणि शास्त्रज्ञाने मृत अवयवांतून घडवलेल्या त्या जीवावर पहिल्यांदा उजेड पडतो. तो हात वर करतो, जणू उजेड मुठीत धरता येईल. मग झडप बंद होते आणि ते रिकामे हात तसेच पुढे येतात. कार्लोफला या चित्रपटात एकही वाक्य नाही. तरी त्या हातांवरून कळतं की हे नुकतंच जन्मलेलं, कुणालाच नको असलेलं मूल आहे.

तळ्याकाठच्या प्रसंगाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लहानगी मारिया त्याच्याशी खेळते, दोघं पाण्यात फुलं सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही तरंगेल असं त्याला वाटतं. हा तुकडा फार क्रूर वाटला म्हणून कापला गेला. उरलेल्या प्रतींत तो तिच्याकडे हात नेतो आणि पुढे थेट बाप मेलेल्या पोरीला घेऊन गावातून चालताना दिसतो. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात मूळ प्रसंगापेक्षा भयंकर काहीतरी यायचं. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तुमच्या हाती येणारी प्रत अखंड आहे ना, एवढं आधी बघून घ्या.

आज युनिव्हर्सलचे चित्रपट घाबरवतात का? फारसे नाही. ते कणव जागी करतात. १९३५ च्या ‘ब्राईड ऑफ फ्रँकेनस्टाईन’मध्ये जंगलातला आंधळा म्हातारा त्या राक्षसाला घरात घेतो, जेवू घालतो, बोलायला शिकवतो. दिग्दर्शक जेम्स व्हेलने हा प्रसंग इतक्या मायेने रंगवला आहे की नव्वद वर्षांनंतरही माझ्या घशात आवंढा येतो. दुसरा भाग पहिल्याहून सरस होणं दुर्मीळ, पण इथे ते घडलं आहे.

मग ‘ड्रॅक्युला’चं काय? बेला लुगोसीने ही भूमिका १९२७ मध्ये ब्रॉडवेवर केली होती आणि चित्रपटही त्या नाटकावरच बेतलेला आहे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीचा सुरुवातीचा भाग अप्रतिम. लंडनला आल्यावर मात्र माणसं दिवाणखान्यात उभी राहून बोलत राहतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लुगोसीचा हंगेरियन हेल आणि त्याचं थांबत थांबत बोलणं यांची चटक लागायला वेळ लागतो, म्हणून तो नंतर बघा. आवडला तर त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेला स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ही शोधा. त्यातला कॅमेरा अधिक फिरता आहे, पण त्यात लुगोसी नाही.

आता ल्यूटन. १९४२ मध्ये आरकेओने त्याला स्वस्त भयपट काढायला बसवलं. अटी स्पष्ट होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ देणार. पहिलं नाव आलं ‘कॅट पीपल’. या भडक नावाखाली ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी एका नवपरिणीतेची गोष्ट रचली. सर्बियाहून न्यूयॉर्कला आलेल्या इरिनाला वाटतं की नवऱ्याजवळ गेलो तर आपल्यातलं जनावर जागं होईल. नवा सेट परवडणारा नव्हता, म्हणून ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चा जिना वापरला. छायालेखक निकोलस मुसुराकाने उरलेली सगळी जागा सावलीने भरली.

रात्री सेंट्रल पार्कच्या भिंतीकडेने इरिनाच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस चालली आहे. मागे दुसऱ्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. ती वेग वाढवते, वळून बघते, कुणी नाही. इतक्यात फिस्कारल्यासारखा मोठा आवाज होतो आणि पडद्यात घुसते ती बस! आजच्या भयपटांत ही युक्ती इतकी वापरली जाते की त्या धंद्यात तिला ‘ल्यूटन बस’ असंच म्हणतात. पण मूळ प्रसंगात धक्क्याआधीची शांतता जितकी ताणली आहे, तितकं ताणण्याचं धैर्य पुढे फार कमी जणांनी दाखवलं. पोहण्याच्या तलावाचा प्रसंग याहून सरस आहे: अंधार, छतावर हलणारा पाण्याचा उजेड आणि एक गुरगुर. बस्स.

दिवाळी अंकांतल्या गूढकथांवर वाढलेल्या वाचकाला ल्यूटन चटकन जवळचा वाटेल. खरंच काही आहे की मनाचे खेळ, हा प्रश्न तो शेवटपर्यंत सोडवायची घाई करत नाही. १९४३ चा ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ नावाने फसवतो. आत कॅरिबियन बेटावरचं ऊसमळेवाल्यांचं घराणं आहे आणि गुलामगिरीचं न विसरलेलं दुःख आहे.

ल्यूटनच्या उण्या बाजूही आहेत. ‘कॅट पीपल’चा नायक लाकडी आहे, मानसोपचारतज्ज्ञ फार बोलतो. हे चित्रपट दिवसा, उजेडात, मोबाइलवर बघू नयेत. काळ्या रंगाच्या छटा गेल्या की काहीच उरत नाही. दिवे मालवा, आवाज नीट ऐकू येईल असं बघा. ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’मध्ये आत्महत्येचा विषय मध्यवर्ती आहे, तेव्हा मन जड असेल त्या दिवशी तो टाळा. युनिव्हर्सलला ही पथ्यं नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेजारी घेऊन ‘द इन्व्हिजिबल मॅन’ खुशाल बघावा, मुलं खूश होतात.

दोन्ही घराण्यांना जोडणारा माणूस कार्लोफच. (त्याच्या आजीची बहीण, सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, दरबारात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स, १८३१ मध्ये आपल्या अहमदनगरला जन्मली होती. मला या धाग्याचं फार अप्रूप आहे.) युनिव्हर्सलच्या त्याच त्या राक्षसपटांना कंटाळून तो ल्यूटनकडे आला आणि १९४५ मध्ये रॉबर्ट वाइजच्या ‘द बॉडी स्नॅचर’मध्ये त्याने प्रेतं पुरवणारा गाडीवान साकारला. रंगभूषेचा मुखवटा नाही, फक्त हसू आणि मऊ आवाज. रस्त्यावर गाणारी एक मुलगी अंधारात शिरते, तिच्यामागून त्याची घोडागाडी जाते. पडदा रिकामा, गाणं चालू. आणि मग मधेच गाणं तुटतं. कार्लोफची याहून मोठी भूमिका मला माहीत नाही.

तर निवड अशी. घरच्यांबरोबर बघणार असाल, चेहरे आणि भव्य दृश्यं आवडत असतील, तर ‘फ्रँकेनस्टाईन’ आणि लगेच ‘ब्राईड’; दोन्ही मिळून अडीच तासांच्या आत संपतात. एकटे, रात्री बघणार असाल आणि खरोखर शहारायचं असेल, तर ‘कॅट पीपल’. माझ्याकडे कुणी फक्त एकच संध्याकाळ मागितली तर मी ‘कॅट पीपल’च लावते. आणि कुठूनही सुरुवात केलीत तरी संगणकावर रंगवलेली प्रत मिळाली, तर ती घेऊ नका.