काकडी-पुदिन्याची जिन: शेकरमध्ये हलवावी की आधी मुरवून ठेवावी?

काकडी, पुदिना, लिंबू आणि जिन यांचे पेय एप्रिल-मे महिन्यात किती सुखावते, हे ज्यांनी ते एकदा घेतले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. प्रश्न येतो तो ते घरी करायचे ठरवल्यावर, कारण तिथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट बारमधली आहे: काकडीच्या चकत्या आणि पुदिन्याची पाने शेकरच्या, म्हणजे पेय हलवण्याच्या झाकणबंद भांड्याच्या, तळाशी दाबायची, त्यावर जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ घालून जोरात हलवायचे आणि ते सारे दोन गाळण्यांतून ग्लासात उतरवायचे. दुसऱ्या वाटेत काकडी आदल्या रात्रीच जिनमध्ये मुरत घालायची, सकाळी गाळून ती जिन फ्रीजमध्ये ठेवायची आणि ऐनवेळी उंच ग्लासात बर्फ, लिंबू व सोडा घालून वर पुदिन्याचा तुरा खोचायचा. दोन्ही पद्धती मी घरी पुष्कळदा वापरल्या आहेत. पुढचे मत त्या वापरातून आले आहे, मोजमापातून नाही. तेव्हा ते तेवढ्याच भरवशाने घ्यावे.

शेकरमधल्या पेयाला बारच्या यादीत बहुधा ‘ईस्टसाइड’ म्हणतात. जिन, लिंबू, पुदिना आणि साखर यांच्या जुन्या ‘साउथसाइड’मध्ये काकडी घातली की ते होते. साउथसाइड शिकागोचे की लाँग आयलंडवरच्या एका क्लबचे, हा वाद अद्याप मिटलेला नाही आणि आपल्या निर्णयाशी त्याचा संबंधही नाही. एका ग्लासाला ६० मिली जिन, २५ मिली लिंबाचा रस, साखर आणि पाणी समप्रमाणात विरघळवून केलेला २० मिली पाक, काकडीच्या चार जाड चकत्या आणि पुदिन्याची सहा-आठ पाने, हे प्रमाण मला जमते. आपले कागदी लिंबू विदेशी पाककृतींतल्या लिंबांपेक्षा अधिक आंबट लागते, त्यामुळे रस थोडा हात राखूनच घालावा.

चवीच्या बाबतीत ही पद्धत सरस आहे, हे आधीच मान्य करतो. त्याला कारणही आहे. ज्याला आपण काकडीचा वास म्हणतो, तो अखंड काकडीत जवळजवळ नसतोच. काकडी चिरली किंवा ठेचली की तिच्या पेशी फुटतात, आतली विकरे (एन्झाइम्स) मेदाम्लांवर काम करू लागतात आणि नोनाडायनलसारखी सुगंधी द्रव्ये त्याच क्षणी तयार होतात. शेकरमध्ये काकडी दाबल्यानंतर अर्ध्या मिनिटात ती बर्फासह घुसळली जात असल्याने हा ताजा वास जसाच्या तसा ग्लासात येतो आणि पहिल्या घोटालाच जाणवतो. पुदिन्याचे मात्र उलटे आहे. त्याचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते आणि नुसत्या दाबानेही ते सुटते. पान बत्त्याने चटणीसारखे वाटले, तर तेलाबरोबर हिरव्या पाल्याचा कडवट रसही उतरतो. म्हणून आधी काकडी चांगली ठेचावी, पुदिना नंतर टाकावा आणि त्याला फार तर एक-दोनदा हलकेच दाबावे. उरलेले काम हलवताना बर्फच करतो.

येथपर्यंत सारे ठीक चालते. अडचण गाळताना सुरू होते. शेकरच्या तोंडावरच्या स्प्रिंगच्या गाळणीतून बर्फ आणि मोठे तुकडे अडतात, पण काकडीचा बारीक गर आणि पुदिन्याचे कण खाली येतात, म्हणून ग्लासावर आणखी एक बारीक जाळीची गाळणी धरावी लागते. घरोघरी ती चहाची असते आणि कामाला पुरेशीही असते. पण काकडीत पाणी ९५ टक्क्यांच्या आसपास असले, तरी उरलेला गर मऊ आणि लगदट असतो. बर्फाच्या खड्यांबरोबर दहा-बारा सेकंद आपटल्यावर त्याची लापशी होते आणि ती लापशी जाळीवर एक पातळ थर धरून बसते. ग्लास अर्धा भरतो आणि मग धार थांबून थेंब पडू लागतात. चमच्याने गाळणी खरवडली तर पेय पुन्हा वाहते, मात्र त्याबरोबर हिरवे कणही खाली जातात, म्हणजे जे टाळण्यासाठी दुसरी गाळणी धरली तेच हाती येते. गाळणीच्या कडेवर टिचक्या मारत उभे राहिले, तर शेकरमधला बर्फ तोवर वितळत असतो आणि उरलेले अर्धे पेय पातळ होऊन येते. पुढच्या ग्लासाआधी शेकर रिकामा करून धुवावा लागतो, गाळणी नळाखाली उलटी धरून आपटावी लागते आणि सिंकच्या जाळीत पुदिना अडकतो तो वेगळाच. चार जण गॅलरीत गप्पा मारत बसलेले असताना यजमान स्वयंपाकघरात गाळणी आपटत उभा आहे, हे दृश्य मला फार दिवस मानवले नाही. चौथ्याच्या हाती ग्लास जातो, तेव्हा पहिल्याचा संपलेला असतो.

गाळलेच नाही तर काय, असे कोणी विचारील. काही ठिकाणी हे पेय गाळ न काढता, ठेचलेल्या पाल्यासकट देतात. ते दिसते छान. पण पुदिन्याचे तुकडे दाताला चिकटतात, स्ट्रॉ तुंबते आणि लिंबाच्या रसात पडलेली फाटकी पाने थोड्याच वेळात काळपट होतात. ज्यांना याचे काही वाटत नाही, त्यांनी गाळणीचा विषय येथेच सोडून शेकर निर्धास्तपणे वापरावा; त्यांच्यासाठी निर्णय सोपा आहे.

मुरवण्याच्या पद्धतीत गाळायचे असते ते एकदाच, आणि तेही ठेचलेली नव्हे तर चिरलेली काकडी. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिली जिन घ्यावी, एक मध्यम काकडी सालासकट पातळ चिरून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत त्या जिनमध्ये बुडवावी, झाकण लावावे आणि बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी चव घेऊन गाळावी. एका दिवसापेक्षा जास्त ठेवल्यास वास वाढत नाही, उलट सालाचा गवतट कडवटपणा पुढे येऊ लागतो. चकत्या अखंड असल्यामुळे जिन एका धारेत निथळते आणि तिला फिकट हिरवी झाक येते. काकडीचे पाणी उतरल्याने तिची तीव्रता किंचित कमी होते, म्हणून ती फ्रीजमध्येच ठेवून आठवड्याभरात संपवलेली बरी. निथळलेल्या चकत्यांची खमंग काकडी करण्याचा मोह कोणाला झालाच, तर तो आवरावा. त्या लिबलिबीत आणि जहाल लागतात.

पुदिना मात्र त्या बरणीत घालू नये. अल्कोहोलमध्ये पुदिन्याचे तेल उतरते तसा पानांचा हिरवा रंगही उतरतो, तो लवकरच तपकिरी पडतो आणि चव शिळ्या काढ्याकडे झुकते. पुदिना ऐनवेळी, ग्लासाच्या तोंडाशीच हवा. शेंड्याकडचा चार-सहा पानांचा तुरा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने त्यावर एक टाळी द्यावी आणि तो बर्फात असा खोचावा की पिणाऱ्याचे नाक त्याच्यापाशी येईल. पुदिन्याची चव म्हणून आपल्याला जे जाणवते, त्यातले बरेचसे नाकानेच येते. त्यामुळे पान पेयात न पडताही काम भागते आणि दाताखाली काही येत नाही. जुडी आणल्यावर धुऊन, देठ पाण्यात बुडतील अशी एका पेल्यात उभी ठेवली, तर संध्याकाळपर्यंत पाने तरतरीत राहतात.

ग्लास भरण्याचे काम मग मिनिटाभराचे उरते. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरावा, ६० मिली मुरवलेली जिन, १५ मिली लिंबाचा रस आणि तेवढाच पाक घालून लांब चमच्याने ढवळावे आणि वरून शंभर-सव्वाशे मिली गार सोडा कडेने सोडावा. यात चिमटीच्याही निम्मे मीठ टाकून पाहावे. काकडीला मीठ लावण्याची आपल्याकडची सवय येथेही उपयोगी पडते, कारण मिठाने कडवटपणा दबतो आणि काकडी पुढे येते. सोड्याऐवजी टॉनिक, म्हणजे क्विनाइन घातलेले कडसर-गोड फसफसते पाणी, वापरायचे असेल तर पाक वगळावा. माझ्या जिभेला क्विनाइनचा कडूपणा काकडीबरोबर चालतो, पण त्यात पुदिना हरवतो, म्हणून मी सोडाच पसंत करतो, किंवा फार झाले तर निम्मे टॉनिक आणि निम्मा सोडा.

या पद्धतीतही खोड आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काकडी कडू निघाली तर शेकरमध्ये एक ग्लास वाया जातो. बरणीत अर्धी बाटली जाते. काकडीतला कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि तो देठाकडच्या टोकाला व सालीखाली अधिक असतो. टोक कापून त्याच कापावर गोल घासण्याचा घरगुती उपाय सगळेच करतात. त्याने कडूपणा खरोखर किती निघतो याविषयी मी पैज लावणार नाही, पण देठाकडचा दोन बोटे भाग टाकून द्यावा आणि उरलेल्या काकडीची एक चकती खाऊन पाहिल्याशिवाय ती जिनमध्ये जाऊ देऊ नये, एवढे पथ्य पुरते. शिवाय मुरवलेल्या जिनमधला काकडीचा वास मवाळ असतो. शेकरमधला तो पहिला टवटवीत झटका येथे मिळत नाही. आणि फ्रीज घरातल्या सगळ्यांचा असल्यामुळे, फिकट हिरव्या पाण्यासारखा दिसणारा हा द्रव सरबत समजून कोणी ओतून घेऊ नये म्हणून बाटलीवर ठळक अक्षरांत लिहून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवणे आवश्यक आहे.

काकडी कोवळी, लांब आणि हिरवी घ्यावी, बिया जून झालेल्या नसाव्यात. कोकणातले पिकलेले तवसे (मोठी जून काकडी) धोंडस या गोड पदार्थासाठीच ठेवावे. जिनमध्ये ते भोपळ्यासारखे लागते. जिनबाबत दोन्ही पद्धतींना लागू पडणारी एकच सूचना करतो: जुनिपर, म्हणजे जिनला तिचा मूळ वास देणारे फळ, ठळक असलेली साधी लंडन ड्राय प्रकारची जिन उत्तम. गोव्यात होणारी ‘ग्रेटर दॅन’ या कामाला मला पुरेशी वाटते. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ही गोव्याचीच आणि चांगली आहे, पण तिच्यातील मसाले आणि लिंबूवर्गीय साली काकडीला मागे रेटतात, म्हणून ती नुसत्या टॉनिकबरोबर घेतलेली मला जास्त रुचते. स्कॉटलंडच्या ‘हेंड्रिक्स’मध्ये ऊर्ध्वपातनानंतर काकडी आणि गुलाबाचे अर्क मिसळलेलेच असतात, तिच्यात पुन्हा काकडी मुरवणे म्हणजे महागड्या बाटलीवर निष्कारण कष्ट घेणे होय.

काकडी किसून, फडक्यातून पिळून नुसता रस आधी काढून ठेवण्याची एक मधली वाटही काही जण सुचवतात. त्यात गाळणी तुंबत नाही हे खरे, पण तो रस तास-दोन तासांतच निस्तेज होतो आणि पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत.

माझ्याकडे आता चार माणसे येणार असली की आदल्या रात्री बरणी भरली जाते. सर्वांना ग्लास एकदमच मिळतात, दुसऱ्या फेरीची चव पहिलीसारखीच राहते, आणि चवीत जो थोडा उणेपणा राहतो तो आजवर कोणी बोलून दाखवलेला नाही. कदाचित भिडेखातर असेल. दोघेच असाल आणि घाई नसेल, तर मात्र शेकरच काढावा. त्यासाठी काकडी आधी सोलून घ्यावी, निदान सालीच्या चिंध्या तरी जाळीवर बसणार नाहीत, आणि चहाच्या दोन गाळण्या जवळ ठेवाव्यात, म्हणजे पहिली तुंबली की ती न खरवडता बाजूला ठेवून दुसरी लावता येते.