मायक्रोस्कोपचे पैसे घेतले, ऑपरेशन ओपनच केलं : सोलापुरातला आमचा अनुभव

आधीच सांगते, ह्यांच्या मणक्याच्या गादीचं ऑपरेशन बिघडलं अशी माझी तक्रार नाही. ह्यांच्या पायातली कळ गेली, हे चालतात, सिद्धेश्वराची कृपा. पण आमच्याकडून १,५५,५०० रुपये घेतले ते मायक्रोस्कोपच्या ऑपरेशनचे, आणि केलं ते ७८,००० रुपयांचं ओपन, म्हणजे मायक्रोस्कोपशिवाय, मोठा छेद देऊन. ७७,५०० रुपयांना आम्हाला राजरोस लुटलं. ज्याला त्याला हेच सांगते, तर लोक म्हणतात, "माणूस बरा झाला ना, मग सोडून द्या." मी सोडणार नाही.

हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. डिसेंबरात सुताचा बीम उचलताना कमरेत चमक भरली आणि चार दिवसांत डाव्या कुल्ह्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. एमआरआयमध्ये निघालं, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय, नस दबलीय. पाच आठवडे ह्यांना रात्री कूस बदलता येत नव्हती. पगार आठवड्याचा, काम नाही तर पैसा नाही. घरात असा माणूस कण्हत असताना चार ठिकाणी चौकशी करा म्हणणं सोपं असतं.

गल्लीतलाच एक मुलगा, पूर्वी वॉर्डबॉय होता, तो आला. "वहिनी, माझ्या ओळखीचे मणक्याचे डॉक्टर आहेत, आपल्याला कमी करतील." अशा माणसाला कट मिळतो हे कोणाला माहीत नाही? मलाही माहीत होतं. पण त्याच्या आईशी माझी वीस वर्षांची ओळख. तो आपल्याला लुबाडेल असं मनात आलं नाही.

दवाखान्यात दोन भाव सांगितले. ओपन ७८,००० आणि मायक्रोस्कोपचं १,४६,०००. नुसता भाव सांगितला असता तर मी ओपनच म्हटलं असतं. पण त्या मुलाने मला जिन्याखाली बाजूला घेतलं. "वहिनी, ओपनमध्ये पाठ फाडतात, हाड कापतात, सहा महिने अंथरूण. दादा परत मागावर उभे राहतील का, तुम्हीच बघा." तिथंच मी हरले. पाटल्या गहाण टाकून ९०,००० आणले, भिशीचे २६,००० उचलले, भावाकडून ३०,००० घेतले. मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं विचारलं तर म्हणाला, त्यात नंबर यायला चार महिने लागतात. माझं केशरी रेशनकार्ड पिशवीत होतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्यालाच जाऊन विचारा, मधल्या माणसाला विचारू नका. मी विचारलं नाही.

आता ती सकाळ. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, रस्त्यात गर्दी, आम्ही सहालाच पोचलो. साडेसहाला तो मुलगा म्हणाला, मायक्रोस्कोप आपल्याकडे नसतो, पुण्याहून भाड्याने मागवलाय, गाडी रात्रीच निघालीय, भाड्याचे ९,५०० वेगळे. रोख. पावती नाही. भावाने गाडीच्या हप्त्याचे ठेवलेले काढून दिले.

मी ऑपरेशन थिएटरच्या दारासमोरच्या बाकावर बसले. दार एकच. सातपासून साडेअकरापर्यंत मी तिथून हलले नाही, चहालासुद्धा नाही. आत कोण कोण गेलं मी आजही सांगते. दोन सिस्टर, भुलीचे डॉक्टर, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत एक मामा, मोठे डॉक्टर, आणि स्ट्रेचरवर आमचे हे. मशीन गेलं नाही. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला नव्हे. चाकांचा जड स्टँड, वर लांब हात, माणसाच्या उंचीपेक्षा उंच. तो खिशातून आत जात नाही. तेव्हा मला तो कसा दिसतो माहीत नव्हतं, पण पुण्याहून गाडीत घालून आणलेली वस्तू डोळ्यांसमोरून गेली तर कळेलच की!

आणि मी विचारलंसुद्धा. हे मला सगळ्यात जास्त डाचतं. नऊच्या सुमाराला मी त्याला म्हटलं, "अरे, मशीन कुठाय?" तो म्हणाला, "वहिनी, ते आतच असतं." अडीच तासांपूर्वी ज्याच्या भाड्याचे ९,५०० घेतले ते "आतच असतं"? माझ्या छातीत धस्स झालं. उठून दार ठोठवायला हवं होतं. मी नाही उठले. ह्यांना भूल दिलेली, पाठ उघडी असणार, आपण आरडाओरडा केला आणि डॉक्टरांचा हात चुकला तर? कुठली बाई त्या वेळी दार ठोठवेल? तरी रोज रात्री वाटतं, ठोठवायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना टाके दिसले. घरी आल्यावर माझ्या दुकानातली मोजपट्टी लावून मोजली जखम. सात सेंटीमीटर. मग दुसऱ्या एका मणक्याच्या डॉक्टरांना ७०० रुपये फी देऊन दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, काम चांगलं झालंय, पण हे ओपन आहे. एका गादीसाठी मायक्रोस्कोपखाली साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचा छेद पुरतो.

त्यांनी पुढे जे सांगितलं त्याने मी जास्त पेटले. दोन्हींत काम तेच. स्नायू बाजूला करून, हाडाचा जरासा भाग आणि आतला पडदा काढून, नस हलकेच सरकवून बाहेर आलेला गादीचा तुकडा काढायचा. मायक्रोस्कोपमध्ये उजेड चांगला, सगळं मोठं दिसतं, स्नायू कमी सोलावा लागतो, रक्त कमी जातं, दुखणंही सुरुवातीला कमी असतं. पण वर्षभराने बघितलं तर दोन्हींचे रुग्ण साधारण सारखेच बरे असतात. गादी परत सरकण्याचा धोकाही दोन्हींत राहतोच. ओपनवालाही बहुतेक दुसऱ्या दिवशी उठून चालतो. आमचे हे चाललेच की दुसऱ्या दिवशी! सहा महिने अंथरूण ही थाप होती. म्हणजे आधी ओपनची खोटी भीती घातली आणि मग तेच ओपन दुप्पट भावात विकलं.

नंतर मी रात्री वाचत बसले. अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी गादी सरकून नस दबते आणि ऑपरेशनने सुटते हे १९३४ मध्ये मांडलं. मायक्रोस्कोपखाली करायची पद्धत यासारगिल आणि कास्पर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. इतकी वर्षं लोक ओपननेही बरे होत आलेत. आणि पायाची ताकद जात नसेल तर बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत औषध-व्यायामावर उतरतं. ह्यांच्या पायात ताकद होती. पाचव्याच आठवड्यात घाई केली आम्ही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी धावा.

कागद मागायला गेले. भरती रुग्णाचे कागद लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे, २००२ चा. मला ४१ दिवस लागले. ऑपरेशनच्या नोंदीत सरळ "ओपन डिस्केक्टॉमी", म्हणजे ओपन पद्धतीने गादीचा तुकडा काढणं. संमतीपत्रावर नुसतं "डिस्केक्टॉमी", "मायक्रो" शब्दच नाही, आणि खाली माझी सही. माझं अशोक चौकाकडे झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांना सांगते, सही करायच्या आधी कागद वाचा. पावती फक्त ९६,००० ची. बाकी ५९,५०० हवेत गेले. अर्ज द्याल तर पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. रोख मागितली की समजा.

डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, "मी भिंगाचा चष्मा लावला होता, तेही मायक्रोच." चष्म्याने वस्तू दोन-चारपट मोठी दिसते, चांगले डॉक्टर वापरतात, मान्य. पण चष्मा पुण्याहून गाडी करून येतो का?

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा म्हणाले, डॉक्टरवर गुन्हा घ्यायचा तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे. अहो, तो निकाल निष्काळजीपणाचा. डॉक्टरांचा हात चुकला असं मी म्हणतच नाही. एक वस्तू सांगून दुसरी दिली असं म्हणतेय. बाजारात चादर सांगून चवाळं दिलं तर तुम्ही विणकराचं मत मागवता का? तिसऱ्यांदा हवालदार म्हणाला, "ताई, दादा चालतात ना आता?" तिथून एका सरकारी कार्यालयात गेले, त्यांनी दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्याने सांगितलं, दराचा विषय आमचा नाही. मग कोणाचा? पुन्हा पहिल्याकडे. तिथे माझा अर्जच सापडेना, पोच दाखवल्यावर सापडला, दुसऱ्याच फायलीत. अकरा चकरा मारल्या, अकरा दिवस दुकान बंद. खुर्ची देऊन पूर्ण ऐकून घेणारा माणूस एकही भेटला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतो, मुदत दोन वर्षांची. हे मला आधी कोणी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला सांगते. दाखल केल्यावर आठवड्याभरात तो मुलगा २०,००० चं पाकीट आणि एक टाइप केलेला कागद घेऊन दारात आला. या वेळी मी कागद वाचला. "आमची कोणतीही तक्रार नाही." पाकीट परत दिलं. पाटल्या अजून गहाणच आहेत, व्याज चालू आहे.

तुमच्या घरी कोणाला गादीचं ऑपरेशन सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक रुपया भरू नका. संमतीपत्रावर ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घ्या.

परवा सात रस्त्यावर तोच मुलगा दिसला. सोबत माझ्याच वयाची एक बाई होती, हातात एमआरआयची मोठी पिशवी. मी हाक मारत रस्ता ओलांडला, तोवर ते रिक्षात बसून गेले होते.