अपघाताचा क्लेम आणि माझे गेलेले 4,30,000 रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बावीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतोय. जळालेली कॉइल नुसत्या वासावर ओळखतो. माणूस ओळखता आला नाही. ‘एवढं कसं कळलं नाही?’ हे विचारू नका, घरात रोज विचारलं जातं.

मार्च 2023. पुणे-बंगळूर महामार्गावर आमच्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलं. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड टाकला, तेवीस दिवस दवाखाना, बिल 2,86,400. चौथ्या दिवशी एक जण शहाळं घेऊन वॉर्डात हजर. ‘दादा, क्लेमचं मी बघतो. आत्ता एक रुपया नको, पैसे आले की तीस टक्के.’ हातात आमच्या एफआयआरची झेरॉक्स. फिर्याद माझ्या मेव्हण्याने दिलेली, त्यालाही तोवर प्रत मिळाली नव्हती. मग याला कुठून मिळाली? पण पाय उशीवर ठेवून पडलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही, तो शहाळं पितो.

वर भीती घातली: सहा महिन्यांत दावा लागला नाही तर गेला. हे खोटं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये ती मुदत 1 एप्रिल 2022 पासून आली होती. असली माणसं अर्धं खरंच बोलतात. उरलेलं अर्धं त्याने सांगितलं नाही. पोलिसांनीच अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, पाठवायचा असतो. आणि वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवताच येत नाही, बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, तसा नियम आहे. टक्केवारी ऐकली की उठा.

‘एक रुपया नको’ म्हणणाऱ्याने पोलीस पेपरचे 15,000, अपंगत्वाच्या दाखल्याचे 8,000 आणि टायपिंग आणि कोर्टाच्या तिकिटांचे 5,000 नेले. एकूण 28,000, पावती एकाचीही नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते हो! दवाखान्याची मूळ बिलंही त्यानेच नेली, माझ्याकडे झेरॉक्ससुद्धा नाही. मूळ कागद कोणाच्या बापाला देऊ नका.

मग म्हणाला, ‘दादा, क्लेमला नवीन खातं लागतं, जुनं चालत नाही.’ साफ खोटं. खातं माझ्या नावाचं, मोबाइल नंबर त्याचा. पासबुक, चेकबुक त्याच्याकडे, आणि पाच कोऱ्या चेकवर माझ्या सह्या. हो, केल्या. वकीलपत्रावर, कोऱ्या कागदांवर आधीच केल्या होत्या, तेव्हा आणखी पाचांचं काही वाटलं नाही. वकील मी आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा पाठमोरा.

2024 मध्ये प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. आदल्या रात्री फोन: ‘विमा कंपनी साडेतीन लाखांवर आलीय. माझे एक लाख पाच, वकिलांचे पस्तीस, तुम्हाला दोन लाख दहा. नाहीतर दहा वर्षं तारखा.’ मी हो म्हणालो. कुबडीवर दुकान चालत नव्हतं, उधारी डोक्यावर होती. तुम्हीही हो म्हणाला असता.

त्या हॉलमध्ये जत्रेसारखी गर्दी. तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचा लेखी कागद, पुढे सरकवली, ‘इथे सही’ म्हणत त्याने अंगठा कागदावर ठेवला. अंगठा बरोबर आकड्यावर. नखाला निळी शाई लागलेली, तेवढी आठवते. टेबलापलीकडून कोणीतरी वाचलं, ‘...चाळीस हजार, मान्य आहे का?’ साडेतीन लाखांत चाळीस हजार कुठून येतील? मी ते ऐकलं. ऐकलं नसतं तर आज इतकं जळलं नसतं. मान वळवली तर तो कानात म्हणाला, ‘ते दुसऱ्या केसचं.’ बायकोने बाही ओढली, ‘अहो, विचारा ना.’ मी तिला गप बस म्हणालो आणि ‘मान्य’ म्हणून सही केली. चारचौघांत आपल्याला समजलं नाही हे दिसू नये, बस्स, एवढ्यासाठी.

माझ्या जुन्या खात्यात 2,10,000 आले. मी पेढे वाटले. त्यालाही दिले.

पाच महिन्यांनी नवीन खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून घरी पत्र आलं. खातं बंद करायला गेलो, स्टेटमेंट काढलं. जमा 6,40,000. पुढे माझ्याकडे वळवलेले 2,10,000, आणि दोन चेक, 2,50,000 आणि 1,80,000. तिथल्याच बाकड्यावर बसलो.

आता खरी जत्रा. बँक म्हणते, सही जुळते. कंपनी म्हणते, आम्ही खात्यात भरले, विषय संपला. वकील म्हणतात, तो माणूस माझा नाही, तुम्हीच त्याला घेऊन आलात. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा ‘हे दिवाणी आहे’, तिसऱ्यांदा साहेबांनी चहा पीत विचारलं, ‘कोऱ्या चेकवर सही तुम्हीच केलीत ना? मग फसवलं कोणी?’ अर्ज आवक केला, त्याच्या शिक्क्याची प्रत तेवढी मिळाली. कोर्टात कळलं की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवणूक झाली म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथल्या एका वकिलांनी आधी फीचा आकडा सांगितला आणि मग माझं नाव विचारलं. बार कौन्सिलकडे तक्रार पाठवलीय. शपथपत्र जोडा, प्रती जोडा, पुन्हा जोडा. लुबाडणाऱ्याला एक सही पुरली, मला आतापर्यंत चौदा लागल्या.

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अपघातात बायकोचाही हात मोडला होता. तिचा दावा तर आम्ही लावलाच नाही. ‘किरकोळ आहे वहिनी’ म्हणाला होता.

रॉड अजून पायात आहे. काढायचे 55,000 सांगितलेत.