बीएस्सी एक्सरसाइज सायन्स: चौथ्या सेमिस्टरपर्यंतचा माझा अनुभव

बारावी झालेली पोरं-पोरी हल्ली सारखं विचारतात की हा कोर्स घेऊ का, म्हणून सगळं एकदाच लिहिते. मी सांगलीची, शाळेपासून खो-खो खेळलेली, आता पुण्यात शिकते. कॉलेजचं नाव घेत नाही कारण काही तक्रारी पण लिहायच्यात.

घरी अजून वाटतं की मी पीटीची बाई होणार. तर बीपीएड वेगळं, ते शाळेत शिकवायचं असेल तर. फिजिओ म्हणजे बीपीटी वेगळं, आमच्या डिग्रीवर पेशंटला ट्रीटमेंट देता येत नाही हे आधीच डोक्यात पक्कं करून या. आम्ही शिकतो ते हे की व्यायाम करताना शरीरात नक्की काय होतं, ते मोजायचं कसं, आणि त्या मोजमापावरून ट्रेनिंग ठरवायचं कसं. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोमेकॅनिक्स, न्यूट्रिशन, सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स, हो स्टॅट्स पण आहे आणि भरपूर आहे. बारावीला फिजिक्स-बायो नीट केलं नसेल तर पहिलं वर्ष जड जातं. सगळं इंग्रजीत असतं, मराठी मिडियमच्या मुलांचं पहिलं सेमिस्टर स्नायूंची नावं पाठ करण्यातच जातं, पण पुढे जमतं, आमच्यातल्या सगळ्यांना जमलंय.

मला सगळ्यात आवडलेला विषय बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं फिजिक्स. खो-खोत आम्ही वर्षानुवर्षं सूर मारतो, सर ओरडायचे "अजून लांब, अजून लांब" आणि आम्ही हवेत हातपाय ताणायचो. इथे कळलं की पाय जमिनीवरून सुटले की शरीराचा गुरुत्वमध्य ज्या वाटेने निघाला त्याच वाटेने जाणार, हवेत काहीही केलं तरी ती वाट बदलत नाही, हात लांबवून फक्त पोच वाढते. म्हणजे सूर किती लांब जाणार हे शेवटच्या पावलातच ठरतं, तिथला वेग आणि उडीचा कोन. सुट्टीत गावाकडच्या मैदानावर मुलींचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून हे दाखवलं, शेवटच्या पावलाला बऱ्याच जणी वेग कमी करतात ते त्यांनाच दिसलं, आणि मग सरावच तिथून सुरू केला. असं काहीतरी हातात मिळतं म्हणून मला ही डिग्री मनापासून आवडते.

फिजिऑलॉजीत पण ऐकीव गोष्टी एकेक करून गळून पडतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक अॅसिडमुळे असं प्रत्येक जिममध्ये सांगतात, खरं तर व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. दुखणं वाढतं एक ते तीन दिवसांत आणि ते जास्त येतं स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो त्या हालचालींनी. सिंहगड चढताना दम लागतो पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे, ते ह्याच कारणाने. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती ह्यासाठीचं २२० वजा वय हे सूत्र तसंच, वीस वर्षांच्या मुलीला २०० देतं, २००१ मधलं टनाका ह्या संशोधकांचं सूत्र १९४ देतं, आणि प्रत्यक्ष टेस्टमध्ये माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज निघतात. मग त्या आकड्यावर कुणाचं ट्रेनिंग झोन ठरवायचं म्हणजे विचार करावा लागतो.

आणि विषय फक्त खेळाडूंचा नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त होता, डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. माझे मामा एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यांना हे सांगितल्यापासून ते डेपोत गाडी लागली की चालायला जातात, मी फोन करून विचारते पण.

प्रॅक्टिकल सांगते. बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या तालावर २० मीटर इकडून तिकडे धावत राहायचं, ताशी ८.५ किमी वेगाने सुरू आणि दर मिनिटाला तो अर्धा किमी वाढत जातो, त्याला मैदान आणि स्पीकर पुरतो, त्यामुळे ती सारखी होते. विंगेट टेस्ट ३० सेकंदांची, सायकलवर स्वतःच्या वजनाच्या साडेसात टक्के लोड लावून पूर्ण जोराने पेडल मारायचं, माझ्यासाठी जवळपास चार किलो, शेवटच्या दहा सेकंदांत पाय स्वतःचे राहत नाहीत. पण मास्क लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन आमच्याकडे एकच आणि ते बऱ्याचदा रिपेअरला, अख्खी बॅच एका मुलाची टेस्ट उभं राहून बघते आणि तेच रीडिंग सगळे जर्नलमध्ये उतरवतात. फी लाखात घेऊन हे बरोबर नाही, मला ह्याचा खरंच राग येतो, कारण ह्या विषयात स्वतः मशीन हाताळलं नाही तर शिकलो काय?

त्यामुळे अॅडमिशनआधी लॅब बघायला मागा. ब्रोशरमधले फोटो सोडा, मशीन चालू करून दाखवा म्हणा, आणि थर्ड इयरच्या मुलांना गाठून विचारा की त्यांनी स्वतः किती टेस्ट घेतल्यात. इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की आपणच अॅकॅडमीच्या दारात उभं राहायचं हे पण विचारा. आमच्याकडे दुसरा प्रकार आहे, मला एका कबड्डी अॅकॅडमीत मिळाली ती जुन्या खेळाडू मैत्रिणीच्या ओळखीने.

नोकरीचं म्हणाल तर सुरुवातीचा पगार कमीच असतो, सीनियर्स सांगतात ते ऐकून सांगते. स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगमध्ये, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि फिटनेस घडवायच्या कामात, जायचं असेल तर बरेच जण सीएससीएस ही अमेरिकन परीक्षा देतात, त्याला बॅचलर डिग्री आणि सीपीआरचं सर्टिफिकेट लागतं. कोचच व्हायचंय त्यांच्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा आहे. मी एमएस्सी बायोमेकॅनिक्स करायचं ठरवलंय, मैदानी खेळांवर काम करायचं, खो-खोपासून सुरुवात. सांगली-साताऱ्याकडून कुणी येणार असेल आणि होस्टेल, मेस, पुस्तकं ह्याबद्दल विचारायचं असेल तर खाली विचारा, परीक्षा १५ दिवसांवर आहे त्यामुळे उत्तराला थोडा उशीर होईल पण देणार नक्की.