प्रवासाच्या पिशवीतील ओआरएसची पुडी

उन्हाळ्यात एसटीने किंवा रेल्वेने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी, औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळणारी आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेली ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या क्षार-साखरेच्या मिश्रणाची, पुडी जवळ बाळगावीच, असे मी आग्रहाने सांगेन. एका लिटरच्या मात्रेत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते व त्याच्या जोडीला मीठ, पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. ग्लुकोजच्या साहाय्याने आतड्यातून सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, म्हणून जुलाब लागल्यावर नुसत्या पाण्यापेक्षा हे द्रावण अधिक उपयोगी पडते. चव खारट-गोडसर आहे, लहान मुलांना ती चटकन रुचत नाही, त्यामुळे चमच्याने थोडे थोडे पाजावे लागते. मोठी पुडी अंदाजाने अर्धी करून बाटलीत ओतणे कटाक्षाने टाळावे, कारण प्रमाण बिघडते. एकट्या प्रवाशाला २०० मिलिलिटरची छोटी पुडी कितीतरी सोयीची. कालवलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. वेष्टन मात्र नाजूक असते: कोपऱ्याला बारीकशी चीर गेली तरी कोकणातल्या दमट हवेत पावडरीचा गोळा होतो, तेव्हा पुड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.